वाटा

मिरजेच्या मार्केटात, भाजीच्या चौथ्या ओळीत
जैतूनबी बागवान वाटे लावून बसते.
दर महिन्याला एक वाटा घेतो, तोलतो, लिहितो.
भाव विचारत नाही. दहाच.
दीड वर्ष झालं, दहाच.

जानेवारीत सहा वांगी, तीनशे चाळीस ग्रॅम.
उन्हाळ्यात पाच.
आता चार, त्यातलं एक किडकं
(किडीला फॉर्मात रकाना नाही).

"दहाचे बारा केले की बाया पुढं जात्यात, सायब.
एक वांगं कमी केलं तर कोण मोजतंय?"

मी मोजतो.
बोललो नाही.

आज पिशवीत वाटा ओतला तिनं,
माझ्याकडं बघितलं
आणि वरून एक टाकलं, कृष्णाकाठचं, काटेरी देठाचं.
"घरला न्या."

कोपऱ्यावर जाऊन पिशवी उघडली.
पाचवं बाजूला काढताना देठाचा काटा बोटात गेला.
चारच काट्यावर ठेवली.
दोनशे दहा.
तेवढंच वर जाईल, कुठल्यातरी टेबलावर
शंभराच्या पायावर रचलेल्या आकड्यात
दशांशाच्या उजवीकडं कुठंतरी.

रात्री भरली वांगी.
बायको म्हणाली, दहाला पाच?
स्वस्त झाली की.