झुवैनाच्या पाळीचं पाणी

जानेवारीतला शुक्रवार. चार वाजता इब्री सोडलं.
दिव्याच्या उजेडात रस्ता तेवढाच
जेवढा पुढच्या दोन पायडलांना पुरेल.
एक बंद पेट्रोल पंप,
लेबर कॅम्पच्या तारेवर वाळत घातलेल्या निळ्या डांगऱ्या,
दोन शेळ्या,
आणि मग बराच वेळ काही नाही,
तेल कमी पडलेल्या चेनचा आवाज सोडला तर.

उजाडलं तेव्हा समोर मिश्त.
मिश्त म्हणजे फणी, एवढं ऐकून होतो.
त्या फणीच्या पायथ्याशी, टेकाडाच्या धारेवर
थडगी, एका ओळीत,
दगडावर दगड, मध्ये ना चुना ना माती.
लोक त्यांना मधाची पोळी म्हणतात.
मला दिसल्या कणग्या,
दाणे संपल्यावरही अंगणात उभ्या राहिलेल्या.

मोजल्या, एकोणीस भरल्या.
परत मोजल्या, एकवीस.
एकीत डोकं घातलं. आत कुणी नव्हतं.
गारवा होता, पाकोळ्यांची वाळकी शीट होती,
आणि वळून पाहिलं तर तिकोनी दारातून दिसली
माझी सायकल,
पुढचं चाक रिमवर बसलेली.

समुरचा काटा.
समुर आपल्या बाभळीची लांबची बहीण, काटा मात्र सख्खा.
सोल्यूशन होतं, ठिगळ होतं, भोक सापडेना.
ट्यूब गालाला लावली, ओठांना लावली,
पण वारा सुटलेला, त्यात एवढासा श्वास
कसा ओळखावा?

सायकल हाताने ढकलत गावात उतरलो,
खजुरांखाली, जिथे फलज वाहतो
हातभर रुंद, वीतभर खोल.
ट्यूब बुडवणार तोच हाक आली: ला, ला!
हमूद नावाचा म्हातारा, खांद्याला कोयता,
बहल्याच्या बाजारात शिकलेली हिंदी.
इधर पीने का. नीचे चलो.
मशिदीपाशी थांबलो. नाही, हे वजूचं. और नीचे.
आंघोळीची खोली मागे पडली. और नीचे.
पाणी तेच होतं, माझ्याबरोबरच चालत होतं,
वळणावळणाला त्याचं काम बदलत होतं.

बागांच्या तोंडाशी मोकळ्या जागेत एक काठी रोवलेली,
भोवती दगड. सावली ज्याच्या दगडावर, पाणी त्याचं.
हमूदने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलंही नाही.
अभी झुवैना का पानी, म्हणाला.
नवरा नाही. लिंबाची अकरा झाडं.
डुबाओ. मैं बोलेगा उसको.

मी पांझरेकाठचा.
फडावर माझा चुलता पाटकरी होता.
पाळी नसताना पाणी फोडणाऱ्याला
त्याने भर गावासमोर फावड्याच्या दांड्याने मारलं,
मी तेव्हा सात वर्षांचा, बांधावर उभा.
मार खाणारा माझा बाप होता.

हे सांगायला माझ्याकडे अरबी नव्हती,
आणि हमूदच्या हिंदीत ते मावलं नसतं.
ट्यूब हातातच राहिली थोडा वेळ.
डुबाओ, तो पुन्हा म्हणाला.

बुडवली. हळूहळू फिरवत नेली.
व्हॉल्व्हपासून चार बोटांवर एक बुडबुडा,
मग दुसरा, मोहरीएवढा,
मग माळच.
इब्रीत भरलेली हवा
झुवैनाच्या पाण्यातून वर येऊन फुटत होती.
मला खडू सापडेपर्यंत
हमूदने तिथे अंगठा दाबून धरला.

ठिगळ सुकेपर्यंत सावली पुढच्या दगडावर गेली.
त्याने फळी उचलली, दुसरीकडे चिंध्या कोंबल्या,
पाणी वळलं, कुणा दुसऱ्याच्या केळींकडे.
मी रियाल पुढे केला. त्याने तो पाहिलाच नाही.
माझी बाटली घेऊन वर गेला,
पिण्याच्या जागेवरून भरून आणली.

परतीला दर दोन-तीन किलोमीटरवर उतरून
मी टायर दाबून पाहत होतो.
टिकला. इब्रीपर्यंत टिकला.

रात्री साक्रीला फोन लावला.
आबा, विचारलं, त्या दिवशी
पाणी किती वेळ फोडलं होतं तुम्ही?
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
जेवलास का, म्हणाले.