सादाख्लोची खिडकी

नियम नवा आहे, शिक्का त्याहून नवा;
शाई अजून बोटांना लागते.
सादाख्लोच्या नाक्यावर माझी पत्र्याची खोली,
एक प्रिंटर, एक शेगडी,
आणि रांगेत सगळे परदेशी,
म्हणजे नदीपलीकडचे.

अरुस्याक म्हातारी पहाटेच्या बसने आली.
पिशवीत जर्दाळू, डोक्याला काळा रुमाल.
बहिणीला माती द्यायची होती, दुपारच्या आत.
"विमा कशाला? आजारी नाही मी,
नुसती रडायला चाललेय."

मी कलमं वाचून दाखवली. वाचावीच लागतात:
ताप, अपघात, हाड मोडणं,
मृत्यू झाल्यास देह मायदेशी पोचवण्याचा खर्च.
तिथे तिने हात वर केला.
"नको पोचवूस. तिच्या शेजारी जागा आहे."

असा रकाना नाही फॉर्मात.
"इतर" पाशी पेन टेकवलं,
उचललं.

किती दिवस?
एक.
एका दिवसाचे पैसे तिने चिल्लर मोजून दिले,
वर दोन जर्दाळू.

मी ते डाव्या बाजूने चावले.
उजवी दाढ महिनाभर ठणकतेय,
आणि माझा विमा
अजून कुठल्याच देशाने मागितलेला नाही.