हातचा

तीन नंबरच्या खिडकीत मी एकवीस उन्हाळे बसलेय.
हरताना माणसं कशी दिसतात ते मला विचारा.
जिंकताना सगळी सारखीच.

ऑरेल गॉडे मात्र दोन्ही वेळा
पेन्सिलीला टोक करत असायचा.
उभी नोकरी फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात गेली,
मग पूल झाला, बोट गेली,
मोजायची सवय तेवढी काठावर राहिली.

आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर माती लाल.
पाऊस पडून गेला की घोड्यांची पोटंही लाल.
अर्ध्या मैलाचा ट्रॅक, दोन फेऱ्या, चार वळणं.
मागे दोन चाकांवर माणूस बसलेला,
पुढे घोडा: उजवे दोन्ही पाय, मग डावे दोन्ही,
शिवणयंत्र चालावं तसा.
चौखूर उधळला की संपलं,
लगाम खेचून बाजूला घ्यायचं, बाकीचे जाऊ द्यायचे.
धावणं हीच जिथे चूक, अशी ही शर्यत.
मला वाटतं, ऑरेलला ती म्हणूनच आवडायची.

वहीत प्रत्येक घोड्याला एक ओळ.
मागचा वेळ, सेकंदाच्या पाचव्या हिश्शापर्यंत.
बंदरावरून वारा होता? इतकं वजा.
ट्रॅक ओला? तितकं.
बाहेरून घेतलेल्या दर वळणाला एक लांबी माफ,
आणि एक लांबी म्हणजे तोच, पाचवा हिस्सा.
आठव्या जागेवरून सुटणाऱ्याचा देव वाली, असं लोक म्हणत.
ऑरेल म्हणायचा,
सहाशे बारा शर्यतींत बावीस वेळा.

एवढं करून तिनातला एक घोडा बरोबर यायचा.
गर्दीच्या मागे डोळे मिटून गेलं तरी तेवढं जमतं.
एकदा मी विचारलंच: शंभरातले बावीस आमच्या खिडकीतच राहतात,
त्याचा रकाना कुठाय?
त्याने वही उलटी केली.
शेवटच्या पानावर होता. अकरा वर्षांचा.
तो आकडा मी कुणाला सांगणार नाही.

त्याची मुलगी ओदेत मंक्टनची बँक सोडून
तबेल्यात आली, तेव्हा हाच माणूस म्हणाला,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी.
त्यानंतर दोघांत मोजकंच बोलणं,
हवा, गवताचा भाव, आईची तारीख.

ऑगस्टमधला गुरुवार. तिची पहिली शर्यत.
घोडा टिन लँटर्न, जागा आठवी, भाव एकतीसला एक.
ऑरेल खिडकीशी आला. दोन डॉलर.
मी तिकिटाला हात घातला, आठ नंबरच्या,
तो म्हणाला, तीन.

तीनच आला. पाच डॉलर चाळीस सेंट मोजून दिले.
ओदेत पाचवी. चेहऱ्यावर चिखल, फक्त डोळे कोरडे
की ओले, इतक्या लांबून कळत नाही.

वही तो काउंटरवर विसरला.
विसरला असं मी अजूनही म्हणते.
त्या रात्रीच्या पानावर, जिंकलेल्याच्या खाली:
दोन मिनिटं. आतून. वजा काही नाही.
आणि आठ नंबरसमोर:
दोन मिनिटं, तीन पंचमांश.
पहिल्या वळणाला तीनांच्या बाहेरून, दोन लांब्या.
पुढची तीनही बाहेरून, तीन लांब्या.
वजा एक सेकंद.
खाली दोन रेघा, उत्तराखाली शाळेत मारतात तशा.
एक एकोणसाठ, तीन पंचमांश.
शेरा नाही. शेऱ्याचा रकाना त्याने कधी आखलाच नव्हता.

सकाळी ओदेत कॉफीला आली.
मी वही सरकवली, काही बोलले नाही.
ती उभ्यानेच वाचत राहिली, कपावर साय धरेपर्यंत.
मग माझी पेन्सिल मागितली
आणि एक लांबी खोडली.
तिसऱ्या वळणावर मी आत होते, म्हणाली,
त्यांना स्टँडच्या त्या खांबाआडून दिसलं नसणार.
पाचवा हिस्सा परत मिळवला.
एक एकोणसाठ, चार पंचमांश.

शनिवारी ऑरेलने पान उघडलं.
खोडलेल्यावर बोट ठेवलं, ओठांतल्या ओठांत
बेरीज केली, पुन्हा केली.
बरोबर आहे, म्हणाला.
खिशातून दोन डॉलर काढले,
मग पुढच्या आठवड्याचं पत्रक मागितलं,
आणि तिथेच, रांग अडवून,
तिला जागा कितवी मिळालीय ते शोधू लागला.