झुझुनाबाईंचा तास

कुटाइसीच्या शाळेत झुझुनाबाईंनी
तांब्याची दोन पातेली तोंडाला तोंड लावून जोडलीत.
परवापर्यंत त्यांत अंजिराचा मुरंबा रटरटायचा;
आज गोल, आणि गोलावर विजेचा भार.

ओतार रेशमी दोऱ्यावरचा इवला गोळा जवळ नेतो.
तो दुरूनच मागे सरतो,
जणू सगळा भार मधोमध एका ठिपक्यात दडलाय.
अंतर दुप्पट केलं की रेटा चौथाई.
गणित चुकत नाही.

मग वरच्या भोकातून तोच गोळा आत.
लोंबकळतो.
नुसता.
"चहूकडून ढकलाढकल," बाई म्हणतात,
"आणि बेरीज शून्य. भार सगळा कातडीवर."

बाईंचा मुलगा मार्चमध्ये रिओनीत बुडाला.
तेव्हापासून शिक्षक अंतर राखून बोलतात,
खांद्याला कुणी शिवत नाही.
दुःख काळजात असतं, असा त्यांचा हिशेब.

वह्या द्यायला गेले होते मी एकदा.
बाई त्याची सायकल पुसत होत्या,
चिंधी कोरडी, चाक केव्हाचं लखलखीत.
मी न विचारताच म्हणाल्या,
"आत काही हलत नाही गं."

घंटा होते. ओतार दोरा वर ओढतो.
भोकाच्या काठाशी येताच
गोळा थरथरतो.