पान एकशे बारा

चौकशी समितीच्या अहवालात
पान एकशे बारावर, तळटिपेत,
तुझं नाव तीन तऱ्हांनी लिहिलंय, झलमय.
म्हणून विमानतळाच्या फाटकावर जुळलं नाही.
नाल्यात गुडघाभर उभा राहून
तू कागद उंच धरला होतास,
तेवढं अहवालात नाही.

जन्मतारीख मात्र सगळीकडे एकच: एक जानेवारी.
कुंदुझच्या छावणीत मीच भरली ती.
तू म्हणालास, आई सांगते,
धाब्यावर जर्दाळू वाळत होते तेव्हा झालास.
रकान्यात जर्दाळू बसेनात.

आज सभागृहात विचारलं,
यादी शेवटची कोणी तपासली?
टेबलावरचे पाण्याचे पेले उचलले सगळ्यांनी.
मीही.

तू असतास
तर हा प्रश्न आम्हाला नीट समजावला असतास,
आणि आमचं गप्प बसणं
तिकडे सांगितलं असतंस,
एक शब्द न गाळता.