आमरी

वखारीत, आंब्याच्या ओंडक्याला धरून होती.
लवू मेस्त्री म्हणाला, बांडगूळ ते, चुलीत घाला.
मी पिशवीत घालून आणली,
शिरोड्याच्या एसटीत, मांडीवर.
कंडक्टरने विचारलं, भाजी कसली?

नारळाचं सोडण, चार कोळसे, काथ्याची दोरी.
माती नाही.
घरमालकीण तोरस्करबाई दोनदा सांगून गेल्या,
माती घाल गो, मरतली ती.
न्हाणीच्या मागच्या भिंतीला टांगली,
फणसातून गाळून ऊन येतं तिथे,
खाडीचा खारा वारा जरा अडतो तिथे.

पहिल्या वर्षी पान गळलं.
दुसऱ्या वर्षी गोगलगाय. रात्री बॅटरी घेऊन शोधली,
मिठाचा डबा हातात होता, धीर झाला नाही,
गडग्यापलीकडे सोडली.
परत आली असणार.

तांदळाचं धुवण, पातळ करून, आठवड्याने.
पावसात काहीच नाही.
फूलही नाही.

या मे महिन्यात बदली, चिपळूणला.
सामान बांधून झालं, शेवटी तिला उतरवायला गेले
तर हलेना.
मुळं सोडण सोडून भिंतीवर गेलेली,
चिऱ्याच्या भोकाभोकांत
एकेक बोट घालून.
पाणी शिंपडलं, पांढरी होती ती हिरवी झाली.
आणि पानाच्या बगलेत
भाताच्या दाण्याएवढं काहीतरी.
मूळ नव्हे.

टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय.
मी पायरीवर बसून चिठ्ठी लिहितेय:
तोरस्करबाई, भिंतीला चुना नको.
माती तर नकोच.
आणि वेणी सुटली, तर
वितीने मोजून कळवा.