हात वर कर

घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर,
कस्तुरी तळहात ठेवायची आणि ताप उतरायचा.
इतकं साधं.
कपाळावर हात, मनात सतरापर्यंत आकडे,
आणि पारा जिना उतरल्यासारखा खाली.

ती अकराची. मी तिची मावशी.
टोकनं मी वाटायचे, कॅरमच्या सोंगट्या,
पोरांना पांढऱ्या, मोठ्यांना काळ्या,
राणी कोणाला ते माझ्या मर्जीवर.
पैसे घेत नव्हतो. नारळ घेत होतो.
नारळ फार झाले की सगळ्या जिन्याला बर्फी.

चैत्रात मसाल्याच्या मिरच्या आणायला मांडवीला गेलो.
ती तिथे कधीच आलेली नव्हती,
तरी माझ्या पुढे चालली. डावीकडे, मग बोळात,
मग एका दाराशी थांबून म्हणाली,
"इथे पाच होती. सहावं माळ्यावर लपवलेलं."

चौकटीवर हिरवा ऑइलपेंट, त्याखाली निळा,
त्याखाली चुना.
ती नखाने खरवडत राहिली लाल लागेपर्यंत.
"हे माझं अक्षर."
अक्षर कुठलं, नुसतं वर्तुळ होतं.

त्या रात्री ती झोपेत बोलली
कुणा पुरुषाच्या, तंबाखूने बसलेल्या आवाजात:
हात वर कर.
गाठ आहे. घ्या हिला.
कौलं काढा, उजेड येऊ दे.
गोधडी जाळा.

सकाळी चहात खारी बुडवत तिने सगळं सांगितलं,
भूगोलाचा धडा म्हणावा तसं.
"साहेब दाराबाहेर थांबायचे, आत मी जायचो.
काखेत बोटं घालून गाठी शोधायचो. पगार होता.
गाडी जायची भरून,
परत यायची धुतलेली."
जायचो, शोधायचो.
मी दुरुस्त केलं नाही.
"गाठ नसलेलेही दिले मी, मावशी. तिघं.
एक चार आण्यांसाठी.
दोन उगाच."

तिच्या इतिहासाच्या पुस्तकात मी प्लेग शोधला.
दीड ओळ.

हाताचं काहीच बिघडलं नव्हतं, हे वाईट.
उलट आता नवालाच पारा खाली.
रांग वाढली. नारळ वाढले.
मग तावड्यांचं सहा महिन्यांचं पोर,
कुणाच्याही कडेवर जाणारं,
तिला पाहिलं
आणि दोन्ही काखा घट्ट मिटून बसलं.
रडलं नाही. नुसतं बघत राहिलं.

कस्तुरीने सोंगट्या डब्यात भरल्या,
राणी सगळ्यात खाली.
हात फ्रॉकच्या खिशात गेला तो गेला.
जेवायची डाव्याने.

काल मलाच ताप भरला.
पहाटे ती दिवा न लावता आली.
बोटांना चुन्याचा वास, ओला,
आणि आमच्या घरात कुणी पान खात नाही.
"मावशी," तिच्याच बारीक आवाजात,
"हात वर कर."

खाली दूधवाल्याने क्रेट आपटले.
मी हात वर केला
आणि मोजायला लागले.
नऊ गेले. सतरा गेले.
मी मोजतेच आहे.